पंखाचं हळदीकुंकू

बेसिंगस्टोक,
१२ फेब्रुवारी १९९२

प्रिय हरीश,

नमस्कार घे, हवा असेल तर. यमुनावहिनींच्या गुडघ्याला आराम पडला असेल असं धरून चालतो. तुझी तब्येत उत्तमच असणार. ईलिंगहून इथवर यायला ज्याला दीड वर्षात जमलं नाही तो आजारी असता, तर वहिनींनी नक्की कळवलं असतं.

आधी माझी तक्रार नोंदवून घे. गेले तीन दिवस माझा डावा कान चंदेरी आहे, आणि या देशात एकाही माणसाने त्याची चौकशी केलेली नाही. याच कानाने मी हॉस्पिटलमध्ये पेशंटना भूल देतो आहे. सर्जन, नर्स, पोर्टर, सगळे कानाच्या चार इंच वर बघून हवामानाबद्दल बोलतात. (अठरा वर्षं मला कन्सल्टंट का केलं नाही, हेही ते असंच हवेकडे बघून सांगतात.)

कानाचं कारण तूच. 'माझा अर्धा वाटा विकून टाक' हे तुझं चार ओळींचं पत्र आलं. आपण भागीत घेतलेलं दोन सीटचं, कापडाने मढवलेलं जुनं विमान अर्धं कुठून कापून विकतात, तेही लिहायचंस. तेव्हाच ठरवलं, विमानांचा सरकारी इन्स्पेक्टर तपासायला येण्याआधी डावा पंख एकट्याने रंगवायचा. आपलं बिनसलं ते स्प्रे गनवरूनच. तू म्हणालास, सेकंडहँड का होईना, कॉम्प्रेसरवाली घेऊ. मी म्हणालो, कॅटलॉगमधली स्वस्त इलेक्ट्रिक गन पुरे. पैज लागली: ज्याची गन हरेल तो पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर. मग तू मला चिक्कू म्हणालास, मी तुझी उंची काढली (उशीशिवाय तुला समोरचं दिसत नाही, हे आजही खरं आहे), आणि तू निघून गेलास.

तर कॅटलॉगमधली गन कुंपणं रंगवायची निघाली. ती फवारत नाही, थुंकते. तोंडात पान धरून भांडणाऱ्या माणसासारखी, मध्येमध्ये थांबून. मी हार मानली नाही. चर्चच्या जुन्यापान्या वस्तूंच्या जंबल सेलमध्ये काचेच्या बरणीची एक गन मिळाली. व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलटी लावायची, की तो हवा ओढण्याऐवजी फुंकतो. रंगाची वाफ पेट घेते म्हणून क्लीनर स्वयंपाकघरात ठेवून नळी खिडकीतून गॅरेजमध्ये घेतली. (मी डॉक्टर आहे, मूर्ख नाही. तुझं मत ठाऊक आहे.) पंखावर (आणि माझ्या डाव्या कानावर) पहिला चंदेरी हात झकास बसला. दुसऱ्या हाताला नळी सांध्यातून निसटली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं तिने ओल्या पंखावर ओकून टाकलं. एवढंच विसरलो होतो, की आदल्या दिवशी सुमेधाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. रेडिंगपर्यंतच्या सतरा बायका आल्या होत्या, आणि कार्पेट त्याच नळीने साफ झालं होतं. हळद, कुंकू, तीळ, हलव्याचे काटेरी दाणे, सगळं जागच्या जागी चिकटलं. सुमेधाने दारातून पंखाकडे बघितलं. मग म्हणाली, "हळदीकुंकू तर झालंच आहे, आता ओटीही भरू का?"

काल इन्स्पेक्टर आला. पंख बघून "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत सगळं खरवडून काढा आणि मार्चअखेर परत दाखवा, नाहीतर हाही उन्हाळा गेला. मग वाकून दोन्ही सीटांकडे बघितलं आणि विचारलं, "आणि ते दुसरे गृहस्थ कुठे असतात?"

इतक्या दिवसांत मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तोही तुझ्याबद्दल. मी सांगितलं, त्यांना सर्दी झाली आहे.

असो. तुझ्या वाट्याला गिऱ्हाईक शोधतो आहे.

तुझा,
शशिकांत

ता. क. : पंख खरवडायला घेतला आहे, पण उलटायला दोन माणसं लागतात. सुमेधा माझ्यावर उलटते, पंख उलटायला नाही म्हणते. रविवारी मोकळा असलास तर बघ. थालीपीठं आहेत. कान तोवर धुणार नाही. निदान तू तरी विचारशील.

आणखी एक : गन बदलली आहे. कॉम्प्रेसरचा आवाज फार होतो, एवढाच तिचा दोष. तुझी उशी सापडली. पुढच्या सीटवर बांधून ठेवली आहे.