चंद्रदर्शनाच्या दुर्बिणीसाठी स्वतंत्र बॅटरी मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
नवचंद्र नोंद विभाग,
प्रांत कार्यालय, ताझरूत.

विषय : दुर्बिणीसाठी लिथियम बॅटरी मंजूर होणेबाबत, तसेच आपल्या प्रश्नाचे उत्तर.
संदर्भ : आपले पत्र क्र. ३१२, दि. ११ जिल्काद.

महोदय,

मी खाली सही करणार इद्दर उबल्ला, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती. टेकडीवरील चंद्रदर्शन समितीला माझी स्वतःची दुर्बीण गेली नऊ वर्षे विनामूल्य देत आहे.

१. ही दुर्बीण मोटारीवर चालते व चंद्रामागे आपोआप फिरते. तिला बारा व्होल्ट अखंड लागतात. क्षणभर जरी वीज तुटली तरी ती सगळे विसरते आणि दिशा पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. गाडीची बॅटरी सतरा किलोची, ती खेचरावर चढवताना एकदा तेजाब सांडून खेचराची पाठ भाजली. म्हणून यंदा मी दुकानातल्या चोर-घंटेची सात अँपिअर-तासांची छोटी बॅटरी निवडली. हिशेबाने ती चार तास पुरणारी होती. निवड माझी, दोषही माझा.

२. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग झाली. सगळ्यांनी खजूर खाल्ले. तेवढ्यात गावचे मुकद्दम सी बासू यांनी गाडीत वापरायची चहाची किटली माझ्याच बॅटरीला जोडली. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "अरे इद्दर, तुझी नळी काय उंट ओढते का? दोन घोट चहाने तिचं काय घोडं अडणार आहे!" सगळे हसले. दिवसभराचे उपाशी लोक, त्यांना चहा नको कसे म्हणू? ती किटली एकटी बारा अँपिअर खाते, हे मला ठाऊक होते.

३. त्याच वेळी माझा डोळा दुर्बिणीला होता. इमाम साहेबांना मी हाक मारली. त्यांनी डोळा लावेपर्यंत मोटार बंद पडली होती. नळी खाली झुकली होती, नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हते, आणि चंद्र मावळायला अठरा मिनिटे उरली होती. त्यात दिशा लागणे शक्य नव्हते. इमाम म्हणाले, "तू शपथ घेतोस का?" सबंध प्रांताची ईद माझ्या एका डोळ्यावर! मी तोंडात मिठाची गुळणी धरली. इतर ठिकाणी ढग होते. अहवाल गेला, "दिसला नाही," म्हणजे दुसऱ्या दिवशी ईद नाही, तिसावा रोजा. चहा मात्र झाला होता.

४. बॅटरीसाठी मी अर्ज केला, त्यावर आपण लिहिता : चंद्र दिसलाच नसेल, तर बॅटरीने काय बिघडवले? नवी कशाला? आणि दिसला असेल, तर शपथेवर तसे लिहून द्यावे, म्हणजे तो दिवस ईदचा धरून प्रांताच्या सर्व नोंदी दुरुस्त होतील. आपला मुद्दा बरोबर आहे. मला त्यात चूक सापडली नाही.

५. तथापि त्या नोंदींत माझी आई लाल्ला इज्जा, वय ८१, हिचीही नोंद आहे. तिला मधुमेह होता, डॉक्टरांनी रोजे मना केले होते, ती ऐकत नसे. दुसऱ्या दिवशी अस्रच्या, तिसऱ्या प्रहराच्या नमाजाच्या, सुमारास ती गेली. दाखल्यावर ३० रमजान आहे. सारे गाव मला सांगते, भाग्यवान बाई, रमजानात रोजा धरलेला असताना गेली, जन्नतची दारे उघडीच होती. मी मान हलवतो. नोंद दुरुस्त झाली की ती ईदच्या दिवशी गेली असे होईल, आणि ईदला रोजा धरणे तर मना आहे. मग तिच्या पदरात काय राहिले, हे मी इमामांना विचारलेले नाही.

६. मला रडू येत नाही. दुकान उघडतो, लोकांचे टीव्ही दुरुस्त करतो. आपले पत्र आठ दिवस गल्ल्यात होते. "नाही" लिहावे, बॅटरी गेली खड्ड्यात, असेच ठरवून आज बसलो होतो.

७. पण त्या संध्याकाळी टेकडीवरून घरी आलो तेव्हा आई दारातच बसली होती. रुमालात ईदची मेंदी बांधून तयार. तिने एवढेच विचारले, "दिसला का रे?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "बरं, मग उद्याचाही धरते."

तेच उत्तर दुसऱ्यांदा देणे मला जमत नाही. शपथेवर लिहून देतो : चंद्र दिसला होता. डावीकडे किंचित कललेला, केसाएवढा.

बॅटरीबाबत योग्य तो निर्णय व्हावा.

आपला,
इद्दर उबल्ला
(सही)
ताझरूत, दि. १९ जिल्काद

सोबत : १. जुनी बॅटरी (निकामी). २. आईचा मृत्यूचा दाखला, दुरुस्तीसाठी.