नुसत्या डीएमएसओचे उंदीर

१२ नोव्हें.
सानिकाचे उंदीर जगले. जंतू टोचून सेप्सिस दिलेले, वर तिचं औषध टोचलेले. सकाळी पिंजऱ्यात खुडबुडत होते. सर अख्ख्या लॅबला दाखवत फिरले. परळला पीएचडीला आम्ही दोघी एकदमच लागलो. माझ्या कामाबद्दल सर शेवटचं कधी बोलले, आठवत नाही. 'अभिनंदन' म्हटलं.

१४ नोव्हें.
सरांनी बोलावलं. वाटलं, माझं काही. तर तिचा प्रयोग मी पुन्हा करायचा. "तटस्थ माणूस हवं गं." तटस्थ! मी!
एक दिसलं. औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती ते डीएमएसओ या द्रावकात घालून देते. पण तुलनेच्या उंदरांना तिने नुसतं सलाईन दिलं होतं. मी एक गट नुसत्या डीएमएसओचा घेतेय. नियमच आहे तसा. नियमासाठी करतेय का, ते सोड.

२३ नोव्हें.
सलाईनवाले बहुतेक गेले. औषधवाले जगले. आणि नुसत्या डीएमएसओवालेही! तितकेच टुणटुणीत. म्हणजे तिचं औषध काहीच करत नाही.
प्रभादेवीपर्यंत चालत घरी. आई : "आज स्वारी खुशीत?"
सानिकाचा फोन आला होता. उचलला नाही. सोमवारी मीटिंगमध्येच सांगणार. सगळ्यांसमोर.

२५ नोव्हें.
सांगितलं. सानिका खाली बघत बसली. मग मान वर केली. "सर, म्हणजे डीएमएसओच वाचवतंय? ते तर कितीतरी औषधांत असतं. नीट बघितलंय का कुणी?" सर खुर्चीत पुढे सरकले. नंतर दोघंच बोलत राहिले.
निरीक्षण माझं, प्रश्न तिचा. मला का नाही सुचला? मी फक्त तिचं औषध पडलं, एवढंच बघत होते.

२६ नोव्हें.
कॅन्टीनमध्ये सानिका समोर येऊन बसली. तिची आई दादरला मासळी विकते. डब्यातलं बोंबलाचं कालवण निम्मं माझ्या ताटात वाढलं.
"शनिवारीच सांगितलं असतंस तर घरी रडून आले असते."
मी कालवणात भात कालवत राहिले.
"आता डीएमएसओ इन्फेक्शन पसरल्यावर, उशिरा देऊन बघायचं. पेशंट तेव्हाच तर येतात. माझ्याबरोबर कर. पेपरवर नाव तुझं आधी."
दया करतेय? 'बघते' म्हटलं.

१८ डिसें.
नव्या प्रयोगाची परवानगी आली, आज उशिराच्या गटाला दोघींनी मिळून टोचलं. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार. उंदीर अजून कोपऱ्यात आकसून बसलेत. "जगू देत गं," ती म्हणाली. मीही म्हटलं.
खरंच म्हटलं का? जगले, तर डोकं पुन्हा तिचंच ठरणार...