घाटाआधीचं तेल

१८ नोव्हेंबर

आज पुन्हा झटका. सिग्नल सुटला, निघाले, आणि गाडीने गिअर बदलताना पाठीत गुद्दा घातल्यासारखा धक्का दिला. मागचा हॉर्न वाजवत सुटला. वाजव बाबा, तुझाच रस्ता आहे.

सकाळी गाडी गार असली की आणखी तऱ्हा. गिअर 'डी'वर टाकला तरी ती जरा वेळ विचार करत उभी राहते, मग निघते. सकाळी माझंही तसंच होतं, पण मी अडुसष्टची आहे. ती अठराची.

१९ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे नेली. डॉक्टर म्हणजे आमचे मेकॅनिक. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात, म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव. आता सगळा रस्ता त्यांना डॉक्टर म्हणतो. ह्यांनी ठेवलेली नावं चिकटायचीच.

एक चक्कर मारून आले. "काकू, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं होतं?"

कधीच नाही, म्हटलं. हे दर रविवारी बघायचे. ठणठणीत आहे म्हणायचे.

डॉक्टर हात पुसत राहिले. मग म्हणाले, "तर आता हात लावू नका. इतक्या वर्षांचं तेल. आतल्या चकत्यांचा झिजलेला चुरा त्यातच फिरतोय, आणि त्या चुऱ्यामुळेच चकत्या एकमेकींना धरून आहेत. नवं तेल घातलं आणि घसरायला लागली, तर तुम्ही मला धरणार."

"आणि नाही बदललं तर?"

"तर जाईल तेव्हा जाईल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२० नोव्हेंबर

शोरूमला फोन केला. मुलगी गोड बोलली. "मॅडम, त्यात लाइफटाइम तेल आहे, बदलायची गरजच नसते."

कुणाच्या लाइफटाइमचं?

"गिअरबॉक्सच्या, मॅडम."

आणि गिअरबॉक्सचं लाइफटाइम किती?

"ते तेलावर अवलंबून असतं."

फोन ठेवला आणि एकटीच हसले. हे असते तर हा किस्सा महिनाभर पुरला असता. दर माणसाला नव्याने सांगितला असता, आणि दर वेळी ती पोरगी थोडी जास्त मठ्ठ झाली असती.

२१ नोव्हेंबर

ताईचा फोन. "कधी येतेस?" एवढंच बोलली. ताई कधी असं विचारत नाही. मी कधीही गेले तर "आलीस?" म्हणते आणि चहाचं आधण ठेवते. मी म्हटलं, लवकरच.

आणि लगेच चिरंजीवांचा फोन. रोज असतोच ह्या वेळी. गाडीचं बोलून बसले, तिथेच चूक झाली. "आई, विकून टाक ना. इकडे ये राहायला. तुला कुठे जायचं असतं आता?"

कुठे जायचं असतं! ताई घाटापलीकडे एकटी आहे. तिची नजर उतरत चाललीय, समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कडा तेवढ्या दिसतात. बसच्या पायऱ्या माझ्या डाव्या पायाला झेपत नाहीत. चिरंजीव म्हणाले, टॅक्सी कर. टॅक्सीत मागे बसलं की मला मळमळतं, आणि कुणीतरी पोत्यासारखं नेऊन टाकतंय असं वाटतं.

शेवटी मीच बोलले — वर्ष संपायच्या आत गाडी घेऊन ताईकडे जाते. घाट चढून सुखरूप पोहोचले तर विकायचं नाव काढायचं नाही. वाटेत बसली तर विकते आणि येते तुझ्याकडे. तो म्हणाला, "नक्की ना?" नक्की म्हटलं. जीभ माझी, पण माझ्या आधी धावते.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते कुणाला सांगू? इथेच लिहिते.

ह्यांचा रविवारचा कार्यक्रम ठरलेला असायचा. जुना बनियन घेऊन खाली जायचे. बॉनेट उघडायचे. तेलाची काडी ओढायची, पुसायची, परत घालायची, परत ओढायची. उन्हात धरून बघायचे. वास घ्यायचे. मी वर खिडकीत चहाचा कप घेऊन उभी. मग मान वर करून निकाल द्यायचे, "गिअरबॉक्सचं तेल ठणठणीत! लाल असतं म्हणतात, आपलं सोनेरी आहे. उंची माल दिसतोय." ह्यांना स्वतःला गाडी चालवता यायची नाही. कधी शिकलेच नाहीत. घरात एक ड्रायव्हर पुरे, म्हणायचे. पण डावा पाय लागतच नाही अशी गाडी असते, हे पेपरात वाचून मला पन्नासाव्या वर्षी शिकायला ह्यांनीच बसवलं. शाळेत मी ताईच्या कडेवर जायची. सहावीपर्यंत. त्या माणसाला ते ठाऊक होतं.

तर आज म्हटलं आपणच बघू. खाली गेले, बॉनेट उघडलं, काडी ओढली, पुसली, परत ओढली. वास घेतला. तीस वर्षं ब्लड बँकेत काढलीत मी, नमुना कशाचा आहे एवढं तरी कळतं. ते इंजिनचं तेल होतं. मग गिअरबॉक्सची काडी शोधली. इकडे बघ, तिकडे बघ. नाही. डॉक्टरांना फोन लावला.

"ह्या गाडीत गिअरबॉक्सला काडीच नसते, काकू. खालचा बोल्ट उघडून बघावं लागतं."

"अहो मग हे इतकी वर्षं काय बघत होते?"

"साहेब म्हणायचे, गिअरबॉक्सचं मी बघतो. मला वाटलं शोरूममधून करून घेत असतील."

सोळा वर्षं! सोळा वर्षं दर रविवारी हा माणूस इंजिनच्या तेलाचा वास घेऊन गिअरबॉक्सला पास करत होता. आणि त्या भरवशावर मी घाट चढत होते. गाडीचं दार उघडून तिथेच आडवी बसले आणि हसले, हसले. मग रडू आलं ते थांबेना. समोरच्या इमारतीतल्या बाई विचारायला आल्या, बरं वाटत नाही का? म्हटलं, नवऱ्याची आठवण आली. त्या हळहळून गेल्या. त्यांना काय कळणार.

राग आलाय. भांडायला माणूस नाही म्हणून जास्त आलाय. पण चुकीच्या काडीवर का होईना, कुणीतरी दर रविवारी माझ्यासाठी खाली जात होतं.

२५ नोव्हेंबर

"ठणठणीत" म्हणे!

२८ नोव्हेंबर

ठरवलं. आधी नमुना, मग निदान. आमच्या कामात हाच नियम होता, गाडीला वेगळा कशाला?

डॉक्टरांना म्हटलं, बोल्ट सैल करा, थोडं तेल द्या. काचेच्या बाटलीत घेतलं, उजेडात धरलं. कोऱ्या चहासारखं काळसर, पण कडेला अजून लालसर झाक आहे. जळका वास नाही. डॉक्टरांनीही हुंगलं. "जळलेलं नाही," असं जरा नाइलाजानेच म्हणाले. बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक असतो, त्यावर ओल्या राखेसारखा लगदा होता. बोटांत चोळून बघितला. मऊ. धातूचा एक कण टोचला नाही.

म्हणजे पेशंट थकलाय, पण गेलेला नाही.

आता बदलायचं कसं? डॉक्टरांच्या ओळखीत कुणाकडे मशीन आहे. ते जोराने नवं तेल आत ढकलतं, जुनं सगळं एका तासात बाहेर. "करायचंच तर एकदाचं करून टाका," म्हणाले. मी नाही म्हटलं. अंगात रक्त कमी असलेल्या म्हाताऱ्या पेशंटला बाटल्यांवर बाटल्या एकदम चढवत नाहीत. हृदयाला झेपत नाही. एक बाटली, ती पण सावकाश. थांबायचं, बघायचं, मग दुसरी. डॉक्टरांना समजावलं — खालून आपोआप जेवढं येईल तेवढंच काढा, मोजा, तेवढंच नवं घाला. पुस्तकात नाव दिलंय तेच तेल, दुसरं नको. मग मी आठ-पंधरा दिवस चालवते. मग परत.

"त्याने सगळं जुनं कधीच निघणार नाही, काकू."

न निघू दे.

"तुमच्या जबाबदारीवर करतो."

"माझ्याच. आणखी कोण आहे?"

३० नोव्हेंबर

पहिला हप्ता झाला. जुनं किती आलं ते डॉक्टरांनी दोनदा मोजलं, मी तिसऱ्यांदा. नवं तेल लालभडक. शेवटी इंजिन चालू ठेवून, गरम करून पातळी बघितली — खालून, बोल्ट उघडून. मी वाकून बघत होते. पाठ धरलीय.

घरी येताना जीव मुठीत. प्रत्येक सिग्नलला वाटे, आता घसरणार. घसरली नाही. झटका मात्र दिलाच.

५ डिसेंबर

सकाळी गार असताना लगेच निघाली. बोलत नाही मी काही. दृष्ट लागेल.

१४ डिसेंबर

दुसरा हप्ता. ह्या वेळी जुनं तेल तपकिरी आलं. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि माझ्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बायकोने चहा दिला. पूर्वी हे सोबत असले की डॉक्टर तासभर गप्पा मारायचे आणि बिल करायला विसरायचे. आज म्हणाले, "साहेबांशिवाय दुकान ओकंबोकं वाटतं." मला वाटलं होतं, फक्त घरच वाटतं.

२१ डिसेंबर

तिसरा. आता थोडं जुनं आत राहिलं असेल ते राहो.

बाजारातून येताना गिअर कधी बदलला ते कळलंच नाही. गाडीत मला वाटेल तितकी शांतता होती. हे रस्ताभर दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचे, शुद्धलेखनाच्या चुकांसह. चिडायची मी. आज एक चुकलेली पाटी दिसली आणि ती मीच वाचली.

२६ डिसेंबर

उद्या निघते. चिरंजीवांना कळवलं. "फोन चालू ठेव," म्हणाले. आवाज घाबरलेला होता. माझा पोरगाच आहे शेवटी. गाडी नको म्हणतो ते ह्यासाठीच.

२७ डिसेंबर, ताईकडे

पोहोचले!

घाट सुरू झाला की हे गप्प व्हायचे. पाट्या बंद. पहिल्याच वळणावर एक हात डॅशबोर्डवर. विचारलं तर म्हणायचे, तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. विश्वास माझ्यावर होता, पण भिस्त डॅशबोर्डवर. आज त्या वळणावर माझी नजर तिकडे गेली, आणि मग रस्त्यावर परत आणायला कष्ट पडले.

मधल्या चढावर पुढे ट्रक. चालत जाणारा माणूस पुढे गेला असता इतका हळू. मागे रांग. ट्रक बाजूला झाला आणि मी पाय दाबला. हीच ती वेळ. गाडीने गिअर खाली घेतला, धक्का नाही, हिसका नाही, सरळ ओढून नेलं. मी मोठ्याने म्हटलं, "बघितलंत?" कुणाला म्हटलं ते मला माहीत आहे.

ताई फाटकात उभी होती. वाळलीय. माझा चेहरा हाताने चाचपला आणि म्हणाली, "आलीस?" मग विचारलं, "कुणाबरोबर?"

एकटी, म्हटलं. ताई चाचपडत गाडीशी गेली आणि बॉनेटवरून हात फिरवत राहिली. चहाही मीच केला.

२८ डिसेंबर

सकाळी उठले तर दाराशी ताईची भरलेली बॅग. म्हणाली, "गॅसची ज्योत दिसत नाही गं आता मला. कुणाला सांगितलं नाही. तुला कुणीतरी आणून सोडलं असतं तर तुलाही सांगितलं नसतं. पण तू एकटीने घाट चढून आलीस. मला घेऊन चल."

शेजारची सीट ह्यांच्या आखूड पायांच्या मापाला लावलेली. दोन वर्षांत कुणी हलवली नव्हती. ताईचे पाय लांब आहेत. खटका ओढला आणि सीट मागे सरकवली.