आईच्या पिकअपचं ब्रेक ऑइल

आई, आज सकाळी मी तुझ्या पिकअपचं इंजिन ऑइल बदललं. गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, बंद केली, खाली ट्रे सरकवला आणि नट सोडला. काळं तेल धारेनं पडत होतं, तेवढ्यात शेजारचे काका कुंपणापाशी थांबून म्हणाले, "मॅडम, आता ही भंगारात द्या की." मी नुसती हसले. तू असतीस तर त्यांना आत बोलावून हातात पाना दिला असतास. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. शाळेतली कारकुनी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मी अजून हिच्यातूनच रोपं पोचवते, आणि ती अजून एकदाही रस्त्यात अडलेली नाही. त्यात माझं कौतुक फारसं नाही. तुझ्या सवयी मी चालू ठेवल्या, इतकंच.

भाड्यानं हीच गाडी चालवणाऱ्या बाबांना दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा सगळ्यांनी गाडी विकायला सांगितलं. तू चौथी शिकलेली, पस्तिशी ओलांडलेली. सायकलसुद्धा कधी चालवली नव्हतीस. बाबांना शेजारी बसवून महिनाभर मोकळ्या मैदानात चकरा मारल्यास आणि लायसन काढून आणलंस. पण चालवायला काय, कोणीही शिकतं. मला नवल वाटतं ते तू बोनेट उघडायला शिकलीस त्याचं. रोज सकाळी, चहाच्या आधी, इंजिन थंड असताना तू तेल मोजायची पट्टी ओढतेस, जुन्या परकराच्या फडक्यानं पुसतेस, परत घालून ओढतेस आणि टोकावरचं तेल अंगठा-बोटात घेऊन पाकाची तार बघावी तसं ताणून बघतेस. "पातळ झालंय," म्हणतेस, किंवा "अजून चालंल." मग रेडिएटरचं पाणी, ब्रेकचं तेल. गियरचं तेल बदललं की त्याचा वास शिकेकाईनं न्हाऊनही तुझ्या केसांतून जात नसे. पालकसभेला तू आलीस की मी जरा लांब उभी राहायचे. तुला ते दिसत होतं.

मी अकरावीत होते तेव्हाची ती संध्याकाळ. सकाळी घाट उतरून सुरगाण्याला जायचं होतं. आंब्याची कलमं न्यायची होती, आणि द्राक्षबागेच्या कामावर आलेल्या पाच बायका सणाला गावी निघाल्या होत्या, त्याही मागे बसणार होत्या. तू दमून आत आडवी झाली होतीस. मला वाटलं, आपणच गाडी तयार करून ठेवावी. बोनेट उघडलं तर ब्रेकच्या डबीतलं तेल खुणेच्या खाली गेलेलं. ब्रेक ऑइलचा डबा रिकामा होता, इंजिन ऑइलचा भरलेला. मी त्यातलं ओतलं, अगदी खुणेपर्यंत, आणि झाकण लावून हात धुतले.

सकाळी रोपवाटिकेचा मालक ट्रॅक्टरमधून कलमं घेऊन आला. ती भरणं चालू होतं, बायका बोचकी घेऊन चढत होत्या, आणि तू रोजच्यासारखी सगळं तपासत होतीस. ब्रेकच्या डबीचं झाकण काढलंस आणि थांबलीस. रश्श्यावर येतो तसा तवंग होता. त्यात बोट बुडवलंस, चोळलंस. मी दारात उभी होते. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस.

"उतरा गं खाली," तू बायकांना म्हणालीस. "आज गाडी हलायची नाय."

"काय झालं आता?" मालक वैतागला.

"ब्रेकच्या तेलात दुसरं तेल गेलंय."

"अहो बाई, तेलात तेल गेलं तर काय बिघडतं? ब्रेक लागतोय ना?"

"आत्ता लागतोय. आतली रबरं फुगली की घाटात लागंल का नाय, ते मला नाय सांगता यायचं. पाच जणी हायत मागं."

"टाकलं कोणी पण ते?"

"मी," तू म्हणालीस. "माझ्याच हातून झालं."

बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं, असं काहीतरी पुटपुटत त्यानं दुसरी गाडी बोलावली. कलमं त्यात चढवली आणि बायकांनाही चला म्हणाला. त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी आपल्या ओट्यावर बसली ती उठलीच नाही. "आम्ही हिच्याच गाडीनं जाऊ," ती म्हणाली. "आज नाय तर उद्या." बाबांनी चाचपडत सगळ्यांसाठी पिठलं टाकलं.

गॅरेजवाल्यानं घरी येऊन सगळी रबरं बदलली. नळ्यांतलं जुनं तेल काढून नवं भरायचं काम मात्र तू त्याला करू दिलं नाहीस. मला सीटवर बसवलंस आणि स्वतः मागच्या, पेडलपासून सगळ्यांत लांबच्या चाकाशी आडवी झालीस. "दाब. सोड. दाब. आता धर, सोडू नको." खाली नट सैल व्हायचा, पेडल पायाखाली खोल जायचं. नट घट्ट झाला की तुझा आवाज यायचा, "सोड." एक चाक, दुसरं, मग पुढची दोन्ही. दुपारभर तेच. माझी पोटरी भरून आली तेव्हा कुठे पेडल दगडासारखं कडक लागलं. तू बाहेर आलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "चुकलं त्याचं काय नाय. मी आत झोपले व्हते, मला उठवून इचारायचं. तुला कसं ठावं असणार त्यातलं?" बस, एवढंच रागावलीस.

दुसऱ्या दिवशी तू मलाही सोबत घेतलंस. घाटाचा उतार आला तेव्हा मी तुझ्या पायाकडे बघत होते, आणि तू रस्त्याकडे. मागे त्या बायका गाणी म्हणत होत्या. पुढे कितीतरी वर्षं त्या दर सणाला तुझ्याच गाडीची वाट बघायच्या आणि उतरताना नागलीचं पीठ हातात ठेवायच्या. आज मी शाळेत बघते, साधा कागद चुकीच्या फाइलीत गेला तरी माणसं दुसऱ्याचं नाव सांगतात. तू भर अंगणात, टोमणा मारायला टपलेल्या माणसासमोर माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीस, आणि त्या दुपारनंतर त्याचा एकदाही उच्चार केला नाहीस.

हे लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही. तुला तोंडावर सांगायला त्यानंतर आठ वर्षं मिळाली होती, तीही मी तशीच घालवली. आई, मला ठाऊक होतं. त्या डबीच्या झाकणावर इंग्रजीत लिहिलं होतं की फक्त ब्रेक ऑइलच टाका. मी ते वाचलं होतं, अर्थही कळला होता. तुला उठवलं असतं तर तुझ्याकडून शिकावं लागलं असतं. तेवढंच मला नको होतं.