कागदावरचा रहाट

अप्पा,

आज नगरपालिकेत गेले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी गेल्या पावसाळ्यात खचली, तिच्यासाठी हा माझा चौथा अर्ज. खिडकीतल्या कारकुनानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, फरशी तर बसलेली हाय." मी म्हटलं, अहो, मी आत्ताच त्या खड्ड्यावरून उडी मारून आले, या वयात. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि फार अजिजीनं म्हणाला, "तुमीच वाचा की. लिवलंय." मला हसू आलं. त्याला वाटलं, म्हातारीला पटलं. मी अर्ज पर्समध्ये घातला आणि अंबाजोगाईच्या उन्हातून घरी आले. दुपारभर मला तुम्ही दिसत होता. बीडच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, गुडघ्यावर पाट घेऊन, त्यावर कागद ठेवून लिहीत बसलेले.

त्या उन्हाळ्यात मी पंधरा वर्षांची होते. आई गेल्यावर मामांनी मला सिकंदराबादला नेऊन कॉन्व्हेंटात घातलं होतं आणि वर्षातून एकदा मी तुमच्याकडे यायची. रेल्वेनं जालन्यापर्यंत, पुढे बैलगाडीनं. प्रत्येक वेळी तुम्ही गाडीजवळ येऊन आधी माझे बूट पाहायचे आणि म्हणायचे, "आली माझी मडम." त्या वर्षी तसं म्हणाला नाहीत. घरात पाण्याचे दोनच हंडे भरलेले होते, आणि हातपाय धुवायला तुम्ही मला मोजून एक तांब्या दिलात.

कारण मला शेजारच्या काकूंकडून कळलं. आपल्या गल्लीची बारव तुम्हाला आठवतेच. लोक पायऱ्यांनी खाली उतरून, घोटाभर पाण्यात उभे राहून घागरी भरायचे. त्या पाण्यानं गल्लीत नारू झाला होता. काकूंच्याच पोटरीतून वीतभर दोरा निघाला होता, आणि त्या तो काडीला गुंडाळत पंधरा दिवस ओट्यावर बसून होत्या. वरून हुकूम आला की कोणी पाण्यात पाय घालू नये. बारवेच्या पायऱ्या भिंत घालून बंद कराव्यात आणि वर काठावर दोन खांब उभारून रहाट बसवावा. हुकूम शहाणपणाचा होता. लोकलफंडाच्या कचेरीत तुम्ही अहलकार, म्हणजे मिसली, सरकारी कामांच्या फायली, लिहिणारे कारकून, तेव्हा कामाची मिसल तुमच्याकडेच आली. गवंड्यांनी आठ दिवसांत भिंत घातली. रहाट मात्र आला नाही. बाया उघड्या काठावर वाकून दोरानं घागर सोडायच्या. काठाचा दगड ओला आणि बुळबुळीत, धरायला काही नाही.

मी आले त्याच आठवड्यात गल्लीतल्या पाच-सहा बाया आपल्या दारात आल्या. कचेरीचं सगळं काम उर्दूत. मराठीतला अर्ज कोणी हातात धरत नसे. म्हणून दरख्वास्त तुम्हीच लिहून द्यायचे, घरी बसून, फुकट. काकू चुलीजवळ फतकल मारून बसल्या आणि सांगू लागल्या, "लिवा, अप्पा. म्हनावं, पायऱ्या बुजवल्या ते बरं केलं, पर आता आमी काय चिमन्या हाव का उडत जाऊन पानी प्यायला?" तुम्ही हसत नव्हता. तुम्ही लिहीत होता. काकू म्हणाल्या, "चिमन्याचं लिवलं का?" तुम्ही म्हणाला, "लिहिलं." खरं तर ते तुम्ही लिहिलं नसणार.

दहाव्या दिवशी काकू उत्तराचा कागद घेऊन आल्या. तुम्ही नुकतेच कचेरीतून आला होता, पगडी अजून डोक्यावर होती. कागद वाचायला त्यांनी तुमच्याच हातात दिला. तुम्ही वाचून दाखवलंत. मौक्यावर रहाट मौजूद आहे, सबब दरख्वास्त दाखिल दफ्तर. काकूंनी अर्थ विचारला. तुम्ही खाली बघून सांगितलंत, "सरकार म्हणतंय, रहाट बसलेला आहे. अर्ज निकालात काढलाय." काकूंना आधी राग आलाच नाही. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "आस्सं? मग कुठं बसलाय त्यो? दावा की मला. का मलाच दिसत न्हाई? आता म्हनावं सरकारला, घागर बी कागदाचीच द्या, म्हंजी वढायला हलकी." बाकीच्या बाया हसल्या. मी तुमच्या खांद्यावरून कागदाकडे पाहत होते. मला उर्दू येत नव्हतं. पण घरातल्या माणसाचं अक्षर ओळखायला भाषा यावी लागत नाही. तीच जांभळट शाई, ओळीच्या शेवटी तोच लांब झोका. दरख्वास्त तुम्ही लिहिली होती आणि तिचा नकारही तुम्हीच.

बाया गेल्यावर मी विचारलं. तुम्ही पगडी काढून खुंटीला लावली आणि सगळं सांगितलंत. तुम्ही माझ्यापासून काही लपवत नव्हता, याचं मला आजही फार वाटतं. दोन्ही कामं एका महिन्यात झाली पाहिजेत असा हुकूम होता. रहाट जालन्याहून निघाला होता. महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा पेशकार, तुमच्या वरचे कारकून, म्हणाले, लिहून टाका, येतोच आहे. कचेरीत तसंच करायचे. रिपोर्ट आधी जायचा, काम मागून पोचायचं, आणि वर्षानुवर्षं ते पोचतही होतं. तुम्ही लिहिलंत की रहाट बसवला. पाचव्या दिवशी रहाट आला. तोवर कागदावर तो बारवेवर चढून बसलेला होता. मग जो बसलेला आहे तो गोदामात जमा कसा करायचा, आणि जमाच नाही तर बाहेर कसा काढायचा? खांब रोवायला गवंडी कसा मागायचा, जेव्हा खांब रोवून झाले आहेत? मी म्हटलं, "अप्पा, हे खोटं आहे." तुम्ही शांतपणे म्हणाला, "तुमच्या कॉन्व्हेंटात खोटं म्हणत असतील, माय. आमच्याकडं हुकमाची आगाऊ तामील म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन कचेरीत आले आणि तो रहाट पाहिला. गोदामाच्या भिंतीशी, लिंबाखाली, उभाच्या उभा टेकवलेला. नवं सागवान उन्हानं तडकायला लागलं होतं, आणि एका आऱ्यावर कोणीतरी धोतर वाळत घातलं होतं. तुमच्या बैठकीवरून तो थेट दिसत होता. गोदामाचे दारोगा चाचा, तुमचे वीस वर्षांचे दोस्त, तिथंच खाटेवर सुपारी कातरत बसले होते. मी त्यांना म्हटलं, चाचा, चार माणसं लावून हा नेऊन का नाही बसवत? ते हसले. "अरे बेटी, जो रहाट कागज पे बावडी पे चढ गया, उसकू मैं यहाँ से कैसा निकालूँ? पूछेंगे ना, ये दूसरा कहाँ से पैदा हुआ." मग आवाज उतरवून म्हणाले, "तेरे अप्पा एक सतर लिख दिये तो निकलता. मगर वो सतर लिखे तो उनकी नौकरी गयी."

त्या संध्याकाळी मी तुमच्याशी भांडले. आठवतं? तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "एक ओळ खोडायला माझी अठरा वर्षं जातील. पाऊस पडला की बारव काठोकाठ भरते. तेवढे दोन महिने काढू दे मला." तुमचा आवाज इतका विनवणीचा होता की मला लाज वाटली. मी ताट उचललं. चार दिवसांनी काकू त्या काठावर घसरल्या. विहिरीत गेल्या नाहीत, दगडावर आपटल्या; उजवा हात कोपरातून मोडला. तुम्ही हाडवैद्याला घेऊन धावत आलात. काकू वेदनेनं पांढऱ्या पडल्या होत्या आणि तरी तुम्हाला म्हणाल्या, "अप्पा, आता दुसरी दरख्वास्त लिवा. म्हनावं, सरकारी रहाट डोक्यात पडला." तुम्ही बाहेर गेलात. ओट्यावर भिंतीकडे तोंड करून तुम्ही उभे होता, हे मी खिडकीतून पाहिलं.

त्याच दुपारी मी औरंगाबादेच्या बड्या इंजिनियर साहेबांना इंग्रजीत पत्र लिहिलं. सिस्टरनी शिकवलेल्या रीतीनं वर पत्ता, मग मायना, मग तीन परिच्छेद. कोणाचं नाव घातलं नाही. खाली सही केली, 'गल्लीतली एक गरीब विधवा'. एवढंच लिहिलं की आमचा रहाट गोदामापाशी लिंबाखाली उभा आहे, कृपा करून येऊन पाहावा. मला वाटलं होतं, साहेब येतील, रहाट पाहतील, बसवा म्हणतील. तो तिथे का आहे, हे ते विचारतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला वाटतं की न्याय फक्त विहिरीवर येऊन थांबतो.

तीन आठवड्यांनी साहेब आले. सकाळी लिंबाखाली रहाट पाहिला, दुपारी मिसल मागवली. पेशकार म्हणाले, मला काही माहीत नाही. तुम्ही म्हणाला, लिखावट माझी आहे. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत खांब रोवले गेले, आणि काकूंनी डाव्या हातानं पहिली घागर ओढली. तुमची नोकरी गेली नाही. दोन पायऱ्या खाली उतरवून तुम्हाला माजलगावला पाठवलं. पेशकार तिथंच राहिले.

बदलीचं तुम्ही मुकाट्यानं सोसलंत. पण तुम्हाला एकच प्रश्न खात होता, कोणी कळवलं? सामान बांधायला चाचा आले तेव्हा तुम्ही त्यांना दारातच थांबवलंत. "गोदामातली गोष्ट गोदामवाल्याशिवाय कोण सांगणार?" मी आत भांडी गुंडाळत होते. चाचांनी तुमच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जो समझना है समझ लो, भाई," आणि टोपी नीट करून निघून गेले. त्यानंतर तुम्ही दोघं एकोणीस वर्षं जगलात आणि एकदाही बोलला नाहीत.

एक गोष्ट मी मधेच सांगायला हवी होती. राहिली म्हणजे मीच ठेवली. ते पत्र टाकायला गेले तेव्हा माझ्याकडे सिकंदराबादेहून आणलेलं इंग्रजांचं तिकीट होतं, राजाच्या चेहऱ्याचं. तेच चिकटवून मी टपालपेटीपाशी उभी होते. निजामाच्या मुलखातली टपाल वेगळी, तिचं तिकीट वेगळं, हे मला कुठं ठाऊक? चाचा तिथून चालले होते. ते हसले, म्हणाले, "ये बादशाह इधर नहीं चलता, बेटी." आत जाऊन त्यांनी आपलं तिकीट आणलं, जिभेला लावून चिकटवलं आणि स्वतःच्या हातानं पाकीट पेटीत टाकलं. पत्ता इंग्रजीत होता. त्यांनी विचारलं नाही. पुढं साहेब आले, तेव्हा चाचांना सगळं समजलं असणार. तुमच्या दारात ते एका वाक्यात सुटू शकले असते.

तुम्ही निवृत्त होऊन अंबाजोगाईला माझ्याकडे राहायला आलात, तेव्हा रोज संध्याकाळी सांगेन म्हणायची. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसायचे, मी शाळेच्या वह्या तपासायची. तुम्ही कधीकधी आपणहून म्हणायचे, "त्यानं तसं करायला नको होतं." आणि मी पुढची वही उघडायची. आता हा कागदही मी घडी करून वह्यांच्या कपाटातच ठेवणार.

तुमच्या शेवटच्या वर्षी बीडहून निरोप आला की चाचा फार थकलेत. तुम्ही ऐकलंत आणि कूस बदललीत. मी शाळेच्या कामाचं निमित्त सांगून एकटीच गेले. त्यांना नीट दिसत नव्हतं, आवाजावरून ओळखलं. माझा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "अप्पा कुछ बोले क्या?" मी म्हटलं, तुम्हाला सलाम सांगितलाय. त्यांनी हात कपाळाशी नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

तुम्ही सांगितला नव्हता, अप्पा.