दारावरचा आकडा

४ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

आज कचेरी अर्धा दिवसच चालली. दुपारी चौकातलं चपलांचं दुकान जाळलं. मालक शटर ओढत होता, त्याच्या हातावर लोखंडी कांब घातली. दोन बोटं गेली म्हणतात. जुना बाजार पाडून नवा बांधायचा की नाही, यावरून अख्खं गाव दोन फळ्यांत वाटलं गेलंय.

तुझा दादा मात्र त्याच गावात घरोघर फिरतोय. बाजार बदलला की लोकांची कमाई वाढते, पण एकमेकांवरचा विश्वास वाढतो की आटतो, हे त्याला विद्यापीठासाठी शोधायचंय. चिठ्ठ्या टाकून घरं-दुकानं निवडतो आणि पुन्हा सापडावीत म्हणून दारावर खडूने आकडा घालतो. चिठ्ठीत आपलंच घर निघालं! मग समोर बसून मला चक्क अहो-जाहो केलं आणि विचारलं की, बाहेरगावी जाताना आपण घराची किल्ली शेजारी ठेवाल का. मी म्हटलं, शिंपीणबाईंकडे डोळे मिटून ठेवीन, तुमच्याकडे नाही, तुम्ही छत्र्या हरवता. तेही त्याने गंभीर चेहऱ्याने लिहून घेतलं. भिंतीपलीकडून शिंपीणबाई ओरडल्या की, माझीही किल्ली ताईंकडेच, लिहा.

काळजीची गोष्ट अशी की, जळालेल्या दुकानावरही आकडा होता. आकडेवाली घरं नव्या बाजारवाल्यांना विकली गेली आहेत, असं कोणी तरी उठवलंय.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे, तो वेगळा लिहीत नाही.

तुझी ताई


६ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन लागत नाही, म्हणून लगेच लिहितोय. दादाला सांग, संशोधन गेलं खड्ड्यात, सगळे आकडे आजच्या आज पुसून टाक. माझं तो ऐकायचा नाही. त्याच्या लेखी मी अजून सायकलवरून पडणारा बारक्याच आहे. तूच त्याचा कान धर. आणि माझी काळी छत्रीही त्यानेच हरवली, तेव्हा तुझं उत्तर बरोबर होतं.

उत्तर लगेच पाठव. लोभ असू दे.

तुझा धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

फोनवर तो गेला एवढंच सांगता आलं. रस्ते बंद, तुला येता आलं नाही. बाकीचं लिहिते, बोलून होणार नाही.

सात तारखेला संध्याकाळी तो बादली आणि फडकं घेऊन आकडे पुसायला निघाला. मी कचेरीत अडकले होते. बरीच दारं पुसून झाल्यावर गल्लीच्या तोंडाशी जाळपोळ करणाऱ्या जमावाने त्याला धरलं. फडक्याला खडू लागलेला होता. खुणा करणारा हाच, असं कोणी तरी ओरडलं. तो सांगत राहिला की मी पुसतोय. त्याचीच बादली त्याच्या डोक्यात घातली. तरी तो सुटून घरापर्यंत पळाला. घराला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे. मग त्याने शिंपीणबाईंचं दार ठोठावलं. त्यांनी उघडलं नाही. त्यांच्या पायरीवर त्याला दगडांनी ठेचलं. चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही. सदऱ्याचं एक बटण मी निळ्या दोऱ्याने लावलं होतं, त्यावरून ओळखलं.

शिलाई मशीन दाराला लावून आपण आत बसलो होतो आणि आवाज ओळखला होता, असं शिंपीणबाईंनी स्वतःच सांगितलं.

आपल्या दारावरचा आकडा तेवढा राहिला आहे.

ताई


१४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी पुसायला सांगितलं म्हणून तो गेला का, ते खरं सांग. उगाच समजूत घालू नकोस.

तिकडे अठराला पुन्हा मोर्चा आहे असं ऐकतो. दारावरचा आकडा पुस, किल्ली कोणाकडे तरी ठेव आणि इकडे निघून ये. मला आता तू एकटीच उरली आहेस. रागव हवं तर, पण ये.

धाकटा


१७ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तुझं पत्र आठ तारखेला आलं. तो सातला गेला. पुसायचं त्याचं त्यानेच ठरवलं होतं. ते मनातून काढ.

आकडा मी पुसणार नव्हते. सत्तेचाळीस. साताचा पाय त्याने नेहमीसारखा लांब ओढलाय. त्याचे सगळे कागद पोलिसांनी नेले, त्याच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे.

आज शिंपीणबाई आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मला मागायचं तोंड नाही, पण उद्या तुमचं घर पेटवलं तर भिंत एकच आहे आणि आमच्या सासूबाई अंथरुणातून उठू शकत नाहीत. मी म्हटलं, त्या दिवशीही भिंत एकच होती. त्या रडल्या नाहीत. हो, होती, म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर बराच वेळ मी दारापाशी बसले होते. तुझा दादा फडकं घेऊन निघाला, तेव्हा आपल्याला कोण दार उघडेल हे विचारून निघाला नव्हता.

परवा बस सुरू होणार आहे, तिने येते. किल्ली कोणाकडे ठेवत नाही, बरोबर आणते.

लोभ राहू दे.

ताई

ता. क. आकडा पुसला. खडू लाकडात शिरला होता, पुन्हा पुन्हा घासावं लागलं. फडकं धुतलं, पिळलं आणि मागच्या दोरीवर वाळत टाकलं.