तिसरी सही

सीडर फोर्क, अलाबामा
६ जानेवारी २००४

चि. हॉलिस यास, ताईचे अ. आ. वि. वि.

कारखान्याची मशीनं जोडायला तू होंडुरासला गेल्यापासून तुझ्या कुत्र्याला माझ्याकडे मक्याच्या पावाची चटक लागली आहे. आता तुझ्या हातचं खाईल असं वाटत नाही.

सोबत एक अर्ज आहे. कारखान्याचं काम परदेशी गेल्यामुळे नोकरी गेली असेल, तर सरकार दोन वर्षं शिकवतं आणि शिकेपर्यंत भत्ता देतं. तीन कामगारांच्या सह्या लागतात. माझी झाली, शेजारच्या ओडेलची झाली. बाकीच्यांना मॅनेजरने सांगितलंय की परत बोलावू, पण सह्या करणाऱ्यांना नाही. त्यामुळे कुणी पेनाला हात लावत नाही. तिसरी तू कर.

एक मेख आहे. अर्जाच्या तारखेआधी वर्षभरात काढलेल्यांनाच हे मिळतं. पहिल्या तुकडीत मला काढलं ते गेल्या वर्षी १४ मार्चला. म्हणजे यंदाच्या १४ मार्चच्या आत अर्ज गेला पाहिजे. मला नर्सिंग शिकायचंय, हॉलिस. आईच्या आजारपणात नर्सबाई म्हणाल्या होत्या की माझा हात हलका आहे. सत्तावीस वर्षं मोज्यांची टोकं शिवली त्या हाताने. हसू नकोस.

जपून राहा.
तुझी ताई व्हर्ना

चोलोमा, होंडुरास
२९ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हसलो नाही. तू नर्स झालीस तर रोगी भीतीनेच बरे होतील, एवढंच मनात आलं.

परवा पेट्यांतून आणखी मशीनं आली. एकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला. तुझंच मशीन! ते मीच जोडून दिलं. सुयापा नावाची मुलगी बसते त्यावर. तीन दिवसांत शिकली. हे मशीन आधी कोण चालवायचं, असं तिने विचारलं. मला माहीत नाही म्हणालो.

सहीचं म्हणशील, तर मॅनेजर म्हणालाय की गडबड केली नाही तर गावच्या गोदामात देखभालीची कायमची जागा देईन. १० मार्चला मी परत येतोय. आल्या आल्या करतो. घाई कशाला?

कुत्र्याला पाठीवर थाप.
तुझा हॉलिस

सीडर फोर्क
२० फेब्रुवारी

चि. हॉलिस, आ.

शाळेचा गृहपाठही तू बस येऊन थांबल्यावर करायचास, आणि मी उभी राहून बस थांबवून धरायचे. ही बस मला थांबवता येणार नाही. तिथल्या एखाद्या दुकानातून फॅक्स केलास तरी चालतं, मी विचारून आले.

ओडेल म्हणतो, तुला भीती वाटते. मी त्याच्याशी भांडले. कॉलेजात प्रवेशाची परीक्षाही देऊन आले, गणितात पास झाले! आता तुझ्यावर आहे. विनवणी करायची सवय नाही मला, पण करते.

व्हर्ना

चोलोमा
१५ मार्च

ताई,

दहाला निघणार होतो. मॅनेजर म्हणाला, आणखी दोन आठवडे थांब, जागा पक्की. थांबलो. काल कळलं की गोदामच बंद होतंय. जागा कधी नव्हतीच.

फॅक्स करता आला असता. दोनदा दुकानाच्या दारापर्यंत गेलो होतो. ओडेलचं खरं होतं.

सही करून अर्ज पाठवतोय. तारीख काल उलटली हे मला कळतं. थोडे दिवस ते सोडून देतील कदाचित.

हॉलिस

रिज रोड, सीडर फोर्क
२ जून

ताई,

तीन मैलांवरून पत्र लिहितोय, कारण तुझ्या दारात उभं राहायला तोंड नाही. अर्ज तुझ्या हाती २५ मार्चला पडला, त्याच दिवशी तू तो दाखल केलास. मंजुरी आली. त्या तारखेआधी वर्षभरात आणि त्यानंतर नोकरी गेलेले सगळे त्यात आहेत. ओडेल आहे, परत आल्यावर काढलेला मी आहे. पहिल्या तुकडीतले बावीस जण नाहीत. अकरा दिवस.

मला एअर कंडिशनर दुरुस्तीच्या वर्गात जागा मिळाली आहे. मी ती नाकारणार आहे. तू काय म्हणशील ती शिक्षा कबूल.

हॉलिस

सीडर फोर्क
९ जून

चि. हॉलिस,

वृद्धाश्रमात चादरी बदलायचं काम मिळालंय. परवा एका आजोबांना धाप लागली. मी त्यांना उठवून बसवलं, तर नर्स धावत आली आणि म्हणाली, तुमचं काम चादरींपुरतं. मी बाजूला झाले. त्या वेळी तुझा फार राग आला. आताही आहे, आणि तो लवकर जाईलसं वाटत नाही.

पण नाकारायची भाषा करू नकोस. माझ्यासोबत तूही घरी बसलास तर मला काय मिळणार? शिक्षा मागतोस तर ऐक. वर्गाला जा. रविवारी प्रार्थनेनंतर इथे ये आणि आठवडाभर जे शिकवलं ते मला वाचून दाखव. एअर कंडिशनरमधलं मला काडीचं कळणार नाही. तरी दोन वर्षं, एकही रविवार न चुकवता. गणित अडलं तर मी आहे, मी पास झालेली आहे.

कुत्रा तुझाच आहे, घेऊन जा. लोभ मात्र सध्या आटलाय. तो वाढावा असं वाटत असेल तर वेळेवर ये.

तुझी ताई